अमेरिकेचं यादवी युद्ध नेमकं कुठं फिरलं?

बोरूबहाद्दर (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी जाता जाता लिहून गेलं, "गेटिसबर्गला दक्षिणेचा कणा मोडला आणि युद्ध संपलं." ('दक्षिण' म्हणजे गुलामगिरी राखायला देशातून फुटलेली राज्यं, 'उत्तर' म्हणजे राष्ट्राध्यक्ष लिंकनची बाजू.) मी तिथं तिरका प्रतिसाद टाकला. संपादकांनी 'अवांतर होतंय, वेगळा धागा काढा' म्हणून पिटाळलं. तर हा घ्या वेगळा धागा.

गेटिसबर्गची लढाई १८६३ च्या जुलैच्या पहिल्या तीन दिवसांतली. दक्षिणेचा सेनापती ली शरण आला ९ एप्रिल १८६५ ला. मधे एकवीस महिने आहेत. कणा मोडलेलं सैन्य एकवीस महिने लढतं? आणि याच एकवीस महिन्यांत अशी वेळ आली होती की लिंकननं स्वतःच्या हातानं 'आपण बहुतेक हरणार' असं लिहून ठेवलं.

तारीख २३ ऑगस्ट १८६४, मंगळवार. मंत्रिमंडळाची बैठक. लिंकननं घडी घातलेला, कडा चिकटवलेला एक कागद मंत्र्यांपुढे ठेवला आणि मागच्या बाजूला सह्या करा म्हणाला. आत काय आहे ते सांगितलं नाही. सगळ्यांनी मुकाट सह्या केल्या. निवडणुकीनंतर, नोव्हेंबरात, तो कागद फोडून वाचून दाखवला तेव्हा त्यांना कळलं आपण कशावर सही केली होती ते. मजकूर थोडक्यात असा: हे सरकार पुन्हा निवडून येणार नाही याची दाट शक्यता दिसते. तसं झालं तर नव्या अध्यक्षाचा शपथविधी होईपर्यंत त्याच्याशी सहकार्य करून देश वाचवणं हे माझं कर्तव्य राहील, कारण तो ज्या वचनांवर निवडून येईल ती वचनं पाळून त्याला नंतर देश वाचवता येणार नाही.

इतकी निराशा का? मे-जूनच्या सहा आठवड्यांत उत्तरेचा सेनापती ग्रँट याची व्हर्जिनियात जवळजवळ ५५,००० माणसं मारली गेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. एवढं करून तो पीटर्सबर्गसमोर खंदकांत अडकून बसला. जुलैत दक्षिणेचा जनरल अर्ली थेट वॉशिंग्टनच्या वेशीपर्यंत आला; फोर्ट स्टीव्हन्सच्या तटावर उभ्या लिंकनच्या आसपास गोळ्या येत होत्या. त्यानंतर आठवडाभरात लिंकनला आणखी पाच लाख सैनिक मागावे लागले. निवडणुकीच्या वर्षात! जुलैअखेर पीटर्सबर्गला दक्षिणेच्या मोर्च्याखाली सुरुंग उडवला, नि त्या खड्ड्यात उत्तरेचेच सैनिक जाऊन अडकले. तिकडे उत्तरेचा दुसरा सेनापती शेरमन दक्षिणेतल्या अटलांटा शहराभोवती घुटमळत होता.

त्या चिकटवलेल्या कागदाच्या चारच दिवस आधी, १९ ऑगस्टला, लिंकननं फ्रेडरिक डग्लसला बोलावून घेतलं. डग्लस स्वतः गुलामीतून पळून आलेला, काळ्यांचा सगळ्यात मोठा आवाज. लिंकननं त्याला विचारलं, मी हरलो तर त्याआधी जास्तीत जास्त गुलामांना दक्षिणेतून बाहेर काढायची काही योजना आखता येईल का? राष्ट्राध्यक्षच पळवाटांचं नियोजन करतोय. युद्ध 'वर्षापूर्वीच जिंकलेलं' असतं तर ही वेळ आली असती का?

दक्षिणेला वॉशिंग्टन जिंकायचं नव्हतंच. उत्तरेतला मतदार दमला की काम झालं. २९ ऑगस्टला शिकागोत डेमोक्रॅट पक्षाचं अधिवेशन भरलं. युद्धाचा प्रयोग फसला, आता लढाई थांबवा आणि बोलणी करा, अशा अर्थाचा ठराव झाला. ३१ तारखेला उमेदवार ठरला जॉर्ज मॅक्लेलन, लिंकननंच दोन वर्षांपूर्वी काढलेला सेनापती.

आणि २ सप्टेंबरला अटलांटा पडलं. शिकागोची मंडळी घरी पोचायच्या आत.

अटलांटा पडायला शेरमनइतकाच दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिसही कारणीभूत. तिथला सेनापती जोसेफ जॉन्स्टन मागे सरत, दम खात, वेळ काढत होता. त्या क्षणी दक्षिणेला वेळच तर हवा होता! पण डेव्हिसचं आणि त्याचं फार जुनं वाकडं. १७ जुलैला डेव्हिसनं त्याला काढून हूडला नेमलं. हूड धाडसी गडी. गेटिसबर्गला एक हात निकामी झालेला, चिकामॉगाला एक पाय गेलेला, घोड्यावर बांधून बसवावं लागे. त्यानं आल्या आल्या हल्ले केले आणि हातातलं सैन्य खर्चून टाकलं. शहरात येणारी शेवटची रेल्वे जोन्सबरोजवळ तुटली. १ सप्टेंबरच्या रात्री हूडनं आपलीच दारूगोळ्याची गाडी पेटवून दिली आणि शहर सोडलं.

मॅक्लेलननं उमेदवारी स्वीकारली, पण तहाच्या ठरावावरून अंग काढून घेतलं. ८ नोव्हेंबरला लिंकन ५५ टक्के मतं आणि २१ विरुद्ध २१२ प्रतिनिधी-मतांनी निवडून आला. सैनिकांची जी मतं वेगळी मोजली गेली त्यांत दर चारांतली तीनाहून जास्त त्याला होती. ज्यांना पुढं मरायचं होतं त्यांनीच 'चालू ठेवा' म्हटलं.

म्हणून माझं मत अटलांटाला. लढाई किती मोठी होती यापेक्षा ती कुठल्या तारखेला झाली हे मी आधी बघतो. आता हाणा.

चहाबिस्कूट

वाखुसा (वाचनखूण साठवली). चिकटवलेल्या कागदाचं प्रकरण अजिबात माहीत नव्हतं. पुभाप्र (आहे ना पुढचा भाग?).

तिरकस आजोबा

बोरूराव, लेख झकास. पण तुम्ही घराचा कळस दाखवताय आणि म्हणताय घर इथून सुरू होतं.

माझं मत १७ सप्टेंबर १८६२ ला. अँटिएटम. त्याआधीचं युद्ध आणि नंतरचं युद्ध ही दोन वेगळी युद्धं आहेत. आधी लिंकनची अधिकृत भूमिका एवढीच की फुटलेली राज्यं परत आणायची. गुलामगिरी आहे तिथं राहिली तरी चालेल असं म्हणणारे त्याच्या सैन्यात ढीगभर होते, त्यांचा मुकुटमणी तुमचा मॅक्लेलन.

जुलै १८६२ मध्येच लिंकननं गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता. परराष्ट्रमंत्री सुअर्ड म्हणाला, आत्ता काढू नका, पराभवामागून पराभव होतायत, लोक म्हणतील बुडत्या सरकारची शेवटची किंकाळी आहे. आधी एक विजय येऊ द्या. कागद खणात गेला.

मग झाला तो चिरुटांचा किस्सा. ली मेरीलँडमध्ये शिरला होता, सैन्य चार-पाच तुकड्यांत विखुरलेलं. कुठली तुकडी कुठं जाणार याचा लेखी हुकूम, आदेश क्रमांक १९१. त्याची एक प्रत फ्रेडरिक गावाजवळच्या रानात उत्तरेच्या एका शिपायाला सापडली, तीन चिरुटांभोवती गुंडाळलेली. शत्रूचा अख्खा बेत हातात! तरी मॅक्लेलन साहेब हलायला जवळपास पाऊण दिवस घेतात. तोवर ली सावरला.

अँटिएटमच्या ओढ्याकाठी एका दिवसात दोन्हीकडचे मिळून सुमारे २३,००० मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता. अमेरिकेच्या इतिहासात इतका रक्तरंजित दिवस दुसरा नाही. मक्याचं एक शेत दिवसभरात कितीदा या हातातून त्या हातात गेलं. लढाई खरं तर बरोबरीत सुटली, पण दुसऱ्या रात्री ली नदीपार मागे गेला आणि लिंकननं त्याला विजय म्हणायचं ठरवलं. पाचव्या दिवशी, २२ सप्टेंबरला, खणातला कागद बाहेर. १ जानेवारी १८६३ पर्यंत बंड सोडलं नाही तर तिथले गुलाम कायमचे मुक्त.

हा कागद नसता तर ऑगस्ट १८६४ मध्ये डग्लसला बोलावून वाचवायचं काय होतं?

बोरूबहाद्दर

आजोबा, शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. निम्मी शरणागती.

निम्मीच. कारण अँटिएटमचं दुसरं श्रेय नेहमी 'ब्रिटनची मान्यता टळली' असं देतात, ते इतकं सरळ नाही. ब्रिटनचा अर्थमंत्री ग्लॅडस्टन यानं न्यूकॅसलच्या भाषणात 'डेव्हिसनं राष्ट्र घडवलं' अशा थाटात बोलून दिलं ते ७ ऑक्टोबरला, लढाईनंतर तीन आठवड्यांनी. लंडनमध्ये मध्यस्थीची कुजबुज नोव्हेंबरपर्यंत चालू होती. लढाईनं ते काम झालं नाही, कागदानं हळूहळू झालं. एकदा युद्ध गुलामगिरीविरुद्धचं ठरलं की दक्षिणेच्या बाजूनं उघड उभं राहणं ब्रिटिश सरकारला जड जायला लागलं.

आणि तो जाहीरनामा काढल्यावर लगेच आलेल्या निवडणुकीत रिपब्लिकनांच्या जागा घटल्या. म्हणजे त्या कागदालाही मतपेटीतून पार व्हावंच लागलं. ते झालं १८६४ ला.

पेन्सिलवाडीकर

मी गेटिसबर्गपासून दोन-सव्वादोन तासांवर राहते. आमच्याकडे भारतातून पाहुणे आले की नायगरा आणि गेटिसबर्ग ही ठरलेली यात्रा. त्यामुळे ते मैदान मी इतक्यांदा पाहिलंय की गाइडची नोकरी मिळावी.

पिकेटचा हल्ला म्हणतात तो तिसऱ्या दिवशीचा, ३ जुलैचा. साधारण साडेबारा हजार माणसं सेमिनरी टेकाडावरच्या झाडीतून निघाली आणि समोरच्या सीमेट्री टेकाडावरच्या दगडी गडग्याकडे चालत गेली. अंतर मैलाच्या आत-बाहेर. उघडं रान, मधे थोडा उतार, आडवा रस्ता, रस्त्याच्या दोन्ही अंगाला लाकडी कुंपण. ते कुंपण चढून ओलांडायचं, तेही समोरून तोफा चालू असताना. आम्ही गेलो तेव्हाही जुलैच होता. सासूबाई साताऱ्याच्या, गुडघे दुखत असूनही अख्खं अंतर चालल्या. गडग्याशी पोचल्यावर मागे वळून बघत म्हणाल्या, "एवढ्या उघड्या रानातनं माणसं चालत पाठवली? आणि पाठवणारा शहाणा म्हणवत होता?" लीच्या चरित्रकारांनी शेकडो पानं खर्ची घातलीयत या प्रश्नावर.

निघालेल्यांपैकी निम्मे परत आले नाहीत. तीन दिवसांचा दोन्हीकडचा हिशेब सुमारे ५१,०००. लीच्या सैन्यातला साधारण तिसरा हिस्सा गेला, आणि त्यानंतर तो पुन्हा कधी एवढ्या ताकदीनं उत्तरेत शिरला नाही. उत्तरेचा सेनापती मीड लढाईच्या फक्त तीन दिवस आधी नेमलेला होता, हे मला नेहमी थक्क करतं.

तरी मी बोरूंच्या बाजूनं एक दाखला देते. मीडनं पळणाऱ्या लीचा नीट पाठलाग केला नाही. लिंकननं त्याला कडक पत्र लिहिलं, तुमच्या हातातून सुवर्णसंधी निसटली, आता युद्ध लांबणार. आणि ते पत्र पाठवलंच नाही. 'इथं युद्ध संपलं' असं खुद्द लिंकनला त्या आठवड्यातही वाटत नव्हतं.

नदीकाठ

सगळे पूर्वेकडचंच बोलताय. लोकहो, नकाशा उघडा आणि मिसिसिपी नदी बघा.

व्हिक्सबर्ग नदीच्या वळणावर, उंच कड्यावर. जोवर ते दक्षिणेच्या हातात होतं तोवर टेक्सस, आर्कान्सा वगैरे पलीकडची राज्यं उरलेल्या दक्षिणेला जोडलेली होती. ग्रँटनं महिनोनमहिने कालवे खणून पाहिले, दलदलीतून वाटा काढून पाहिल्या, काही जमलं नाही. मग १६ एप्रिल १८६३ च्या रात्री कड्यावरच्या तोफांच्या माऱ्याखालून बोटी खाली सोडल्या, सैन्य पश्चिम किनाऱ्यानं चालवत दक्षिणेला नेलं आणि ३० एप्रिलला नदी ओलांडली. पुढे सतरा दिवसांत पाच लढाया. सगळ्या जिंकल्या. रसदेची लांब शेपूट न ठेवता, बरंचसं वाटेतल्या शेतांवरच जगत.

मग ४७ दिवसांचा वेढा. शहरातली माणसं टेकडीच्या पिवळ्या मातीत गुहा खोदून राहत होती, गुहेत गालिचे अंथरून, खुर्च्या मांडून. खेचराचं मांस खायची वेळ आली. तिथल्या वर्तमानपत्राचा कागद संपला तेव्हा संपादकानं भिंतीला लावायच्या नक्षीदार कागदाच्या कोऱ्या पाठीवर अंक छापला. एका बाजूला बातम्या, दुसऱ्या बाजूला वेलबुट्टी.

४ जुलैला, पिकेटच्या दुसऱ्या दिवशी, जवळपास ३०,००० सैनिकांनिशी व्हिक्सबर्ग शरण. गेटिसबर्गला ली हरला पण सैन्य घेऊन घरी गेला. इथं अख्खं सैन्यच हिशेबातून उडालं. आणि ग्रँट मोठा झाला तो इथं. बोरूंचं १८६४ घडवणारा माणूस कुठून आला, याचंही उत्तर द्या.

नवशिका_८४

दंडवत सगळ्यांना. एक भाबडा प्रश्न. आमच्या टीममधला टेक्ससचा माणूस म्हणतो की युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतंच, राज्यांच्या हक्कांसाठी होतं. मला मीटिंगमध्ये काही बोलता आलं नाही.

गावकुसाबाहेर

@नवशिका, त्यांना म्हणावं, कशाचा हक्क ते वाक्य पूर्ण करा.

हे आपण तर्कानं ठरवायची गरज नाही, त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलायना सगळ्यात आधी फुटलं. त्यांच्या निवेदनातली मुख्य तक्रार काय? उत्तरेतली राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपला हक्क वापरला ही तक्रार! मिसिसिपीच्या निवेदनानं तर सुरुवातीलाच सांगितलं की आमची भूमिका गुलामगिरीच्या व्यवस्थेशी एकजीव आहे. दक्षिणेच्या नव्या राज्यघटनेत गुलामांवरची मालकी काढून घेणारा कायदा करायलाच मनाई होती. आणि मार्च १८६१ मध्ये दक्षिणेचा उपाध्यक्ष स्टीव्हन्स यानं सवाना इथल्या भाषणात आमच्या सरकारची कोनशिला म्हणजे काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हे सत्य, असं उघड सांगितलं. 'राज्यांचे हक्क' हे पुढं, हरल्यावर, जास्त जोरात आलं.

१८६० च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सव्वातीन कोटींच्या आत, त्यातले जवळजवळ ४० लाख गुलाम.

आणि यात एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही. सुमारे १,८०,००० काळे सैनिक उत्तरेकडून लढले. त्यातले कित्येक काल-परवापर्यंत गुलाम. जुलै १८६३ मध्ये दक्षिणेच्या फोर्ट वॅग्नर किल्ल्यावर ५४ वी काळ्यांची मॅसॅच्युसेट्स पलटण चालून गेली तेव्हा त्यांना गोऱ्या शिपायापेक्षा कमी पगार होता, आणि त्यांनी तो कमी पगार घ्यायलाच नकार दिला. समान पगाराचा कायदा व्हायला जून १८६४ उजाडला. तुम्ही वळण शोधताय लढायांच्या नावांत. शेतावरनं पळालेला एकेक माणूस दक्षिणेची एक मजुरी कमी करत होता आणि उत्तरेची एक बंदूक वाढवत होता. त्याला एक तारीख नाही म्हणून ते वळण नाही का?

आपल्याकडे हे बरोबर पोचलं होतं. जोतिरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या, गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. आठच वर्षं झाली होती युद्ध संपून. पुण्यात बसून त्यांनी ते युद्ध कशासाठी झालं हे टेक्ससच्या तुमच्या मित्रापेक्षा स्पष्ट ओळखलं होतं.

नवशिका_८४

स्क्रीनशॉट काढून ठेवला. सोमवारी मीटिंग आहे.

पानिपतप्रेमी

पानिपतावर आपल्याला हूडसारखाच...

तिरकस आजोबा

आलं! सव्वाशे प्रतिसादांच्या आत पानिपत आलं. मी पैज जिंकलो.

कापूसकोंड्या

नावाला जागतो. मुंबईचं कुणीच काढलं नाही म्हणजे काय!

युद्धाआधी ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला सुमारे तीन चतुर्थांश अमेरिकेतून जायचा. दक्षिणेचा हिशेब असा की कापूस अडवला की लँकेशायर (तिथला गिरण्यांचा मुलुख) उपाशी मरेल आणि ब्रिटन झक मारत आपल्या बाजूनं येईल. सुरुवातीला त्यांनी स्वतःच माल रोखून धरला. पुढं उत्तरेच्या आरमारानं बंदरं आवळत नेली. लँकेशायरमध्ये खरंच उपासमार झाली. पण ब्रिटन आलं नाही, ते मुंबईच्या बाजाराकडे वळलं.

मुंबईत पैशाचा पूर आला. गाद्या-उशांतला कापूस काढून विकला असं सांगतात. आपल्या कापसाचा धागा आखूड, तिकडच्या कामगारांना तो नको असे. 'देवा, कापूस दे, पण सुरतेचा नको' अशी प्रार्थना तिकडे केली असं म्हणतात. पण दुसरा होता कुठं? मग त्या पैशावर बँका, वित्तसंस्था, समुद्र हटवायच्या कंपन्या. बॅकबे भरणीच्या शेअरचा भाव दर्शनी किमतीच्या कित्येक पट. प्रेमचंद रायचंद हा या सगळ्याचा राजा.

आता धाग्याच्या मुद्द्यावर येतो. बोरू म्हणतात वळण अटलांटाला. मुंबईच्या व्यापाऱ्याला तारखा कळायच्या त्या लिव्हरपूलच्या कापूसबाजारातल्या भावातून. १८६४ च्या शेवटाला तहाच्या वावड्या उठल्या तसा भाव डगमगला, ली शरण आल्याची बातमी आली तसा कोसळला. १ जुलै १८६५ ला वायद्यांची मुदत भरली आणि मुंबईत घरंच्या घरं बसली. प्रेमचंदही बुडाला. राजाबाई टॉवर दिसतो ना, तो त्यानं तेजीत दिलेल्या देणगीतला, आईच्या नावाचा. बांधून झाला १८७८ ला, तोवर तेजी कधीच विरली होती.

सरकी

आमी खामगावकडचे. घरची जिनिंग होती, मांगच्या पिढीत बंद पडली. हे मुंबईवाले कापसाच्या तेजीचं सांगतेत तवा राजाबाई टॉवरवर थांबतेत. कापूस काय टॉवरवर पिकत होता का?

नागपूरपर्यंत रेल्वे आली १८६७ ले. खामगावचा फाटा १८७० ले. म्हंजे लढाई होती तवा आमचा कापूस बैलगाडीनं अन् अर्ध्या वाटेवर रेल्वेनं जाये. चांगला भाव मधातल्या दलालानं खाल्ला. रुळ दारात आले तवा अमेरिकेचा माल बाजारात परत आला होता. जिनिंगच्या जुन्या वखारीत माह्या आज्याच्या बसायच्या जागेमागं लोखंडी तराजूचं पारडं पडलं राहे, एक माणूस आरामात झोपू शकन एवढं. लहानपणी आमी त्यात झोके घेतो. त्याच्यावर काय काय मापलं गेलं असन ते कोणाले ठाव.

गावकुसाबाहेर

सरकी, १००% सहमत. आणि याचं दुसरं टोक पुणे जिल्ह्यात आहे. तेजीत सावकारांनी सढळ हातानं उधार दिलं. सरकारनं त्या भरभराटीवर डोळा ठेवून १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जमाबंदी वाढवली. भाव पडले, उधारी आटली, सारा तेवढाच. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं-रोखे ओढून काढून जाळले. भीमथडीत काही सगळं रान कापसाचं नव्हतं, जास्त ज्वारी-बाजरीच, त्यामुळे 'अमेरिकेमुळे सुप्याचा दंगा' असं सरळ म्हणायला इतिहासकार कचरतात. पण उधारीची ती साखळी मुंबईतूनच ओवली गेली होती.

बोरूबहाद्दर

धाग्याचं सोनं केलंत लोकहो. नदीकाठ यांचं देणं बाकी आहे, ते फेडतो.

ग्रँट मोठा झाला व्हिक्सबर्गला, मान्य. पण माझ्या मते तो वेगळा ठरला ७ मे १८६४ च्या रात्री. वाइल्डरनेसच्या जंगलात दोन दिवस लढाई झाली, रान पेटलं, जखमी माणसं जागच्या जागी जळाली. उत्तरेची हानी लीपेक्षा जास्त. आधीच्या प्रत्येक सेनापतीनं अशा वेळी एकच केलं होतं, नदीपार माघार आणि नव्यानं तयारी. त्या रात्री सैन्य रस्त्याला लागलं तेव्हा शिपायांना वाटलं झालं, पुन्हा तेच. मग एका चौफुल्यावर तोंडं दक्षिणेकडे वळली. अंधारात, दोन दिवसांचे उपाशी, काजळी फासलेले शिपाई ओरडायला लागले आनंदानं. ज्यांना पुढच्या महिन्यात कोल्ड हार्बरच्या लढाईत मरायचं होतं तेच. नोव्हेंबरात लिंकनला मत देणारे सैनिक ते हेच. म्हणून मी ग्रँटला 'कसाई' म्हणणाऱ्यांच्या रांगेत पुरता उभा राहू शकत नाही, जरी कोल्ड हार्बरचा हल्ला अक्षम्य होता.

पेन्सिलवाडीकर

आणि शेवट सांगायचा राहिलाच. विल्मर मॅक्लीन नावाचा व्यापारी. युद्धाची पहिली मोठी लढाई, बुल रन, जुलै १८६१, त्याच्या मॅनॅससच्या शेताच्या परिसरात झाली. त्याच्या घरात दक्षिणेच्या सेनापतीनं मुक्काम ठोकला होता. बिचारा कंटाळून कुटुंब घेऊन दूर आडगावी राहायला गेला. त्या आडगावाचं नाव ॲपोमॅटॉक्स कोर्ट हाउस. ९ एप्रिल १८६५ ला ली शरण आला तो त्याच्याच दिवाणखान्यात. ली कडक इस्त्रीत, कमरेला तलवार. ग्रँट चिखलानं माखलेले बूट आणि साध्या शिपायाचा कोट घालून. अटींत एक असं: शिपायांनी आपापले घोडे-खेचरं घरी न्यावीत, पेरणीचे दिवस आहेत. आणि लीच्या उपाशी सैन्याला २५,००० जणांचा शिधा. सगळे गेल्यावर अधिकाऱ्यांनी आठवण म्हणून मॅक्लीनच्या घरातली टेबल-खुर्च्या उचलून नेल्या.

कापूसकोंड्या

अरे हो, एक राहिलं. अटलांटानंतर शेरमन जॉर्जिया जाळत समुद्रापर्यंत गेला. सवाना घेतल्यावर २२ डिसेंबर १८६४ ला त्यानं लिंकनला तार केली: नाताळची भेट म्हणून सवाना शहर सादर करतो, सोबत दीडशे तोफा, भरपूर दारूगोळा आणि कापसाच्या सुमारे २५,००० गाठी.

सरकी

पंचवीस हजार गठाणी! म्हंजे शेरमननं लिंकनले नाताळची भेट देली अन् बिल आमच्या आज्याच्या पंजोबाच्या नावानं फाटलं.